भैरूआबांची अकरा हजार पावलं

भैरूआबा रोज अकरा हजार पावलं चालतात, ही बातमी इनामगावात कुणालाच नव्हती. पण पुण्यातल्या एका कंपनीच्या चौथ्या मजल्यावर ती सगळ्यांना पाठ होती. पसरवली कुणी? त्यांच्याच लेकीनं, प्रगतीनं. बापाचं कौतुक करणाऱ्या लेकीचं तोंड कोण धरणार?

प्रगती राहायला दौंडला. नवरा सतीश रेल्वेत, म्हणून घर रेल्वे कॉलनीत. स्वतः मात्र सकाळची डेमू लोकल धरून पुण्याला कामाला. काम आकड्यांचं. लोकांच्या मनगटावरची घड्याळं आणि खिशातले मोबाईल दिवसभर जे आकडे गोळा करतात, ते एका अ‍ॅपकडून दुसऱ्या अ‍ॅपकडं ज्या वाटेनं जातात तिला म्हणायचं एपीआय. त्या वाटेवरून आलेला प्रत्येक आकडा मुळात कुठून आला हे ओळखायचं आणि लिहून ठेवायचं, हे तिचं काम. घड्याळातून आला का मोबाईलमधून? कुठल्या कंपनीचं, कुठलं मॉडेल? सेन्सरनं थेट मोजला, की मागाहून हिशेब करून काढला, की माणसानं हातानं भरला? प्रगती या कामात वाघीण होती. नव्यानं लागलेल्या पोरांना ती दरडावून सांगायची, "आकड्याला भुलू नका. आधी त्याचा बाप कोण ते विचारा."

आणि हीच बाई चार महिने घरच्या आकड्याला भुलली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

झालं होतं असं. चैत्रात भैरूआबांच्या छातीत कळ आली. शिरूरच्या डॉक्टरांनी पुढं पाठवलं, तिथं हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवली, आणि घरी सोडताना बजावलं, "गोळ्या वेळेवर, आणि रोज चालायचं." प्रगतीनं लगेच चांगलं घड्याळ आणलं, आबांच्या मोबाईलला जोडलं, आणि स्वतःच्या मोबाईलवर सगळं दिसेल अशी सोय करून घेतली. पहिले दोन दिवस हजार-दीड हजार पावलं. तिसऱ्या दिवशी एकदम दहा हजार! मग अकरा. मग कधी बारासुद्धा. प्रगतीला आभाळ ठेंगणं झालं. रोज संध्याकाळी फोन. आई उचलायची, आणि प्रगती म्हणायची, "आई, आबांना दे."

एकदा तर ती आईला म्हणाली, "तू पण जरा आबांकडं बघून शीक की. अडुसष्टाव्या वर्षी माणूस बघ कसा चालतोय! तू नुसती घरात बसून असतीस."

"व्हय बाई," गिताबाई म्हणाली होती, "चालीन की."

मध्ये मध्ये घड्याळ कुरकुर करायचं. प्रगतीच्या मोबाईलवर सूचना यायची, नाडी फार वाढलीय, लक्ष द्या. प्रगतीनं पहिल्या दोन वेळा वेळ तपासली. दोन्हीदा पावलं चालूच होती. चालल्यावर नाडी वाढणारच, असं म्हणून तिसऱ्या वेळी तिनं ती सूचनाच बंद करून टाकली. कामात व्यत्यय येत होता ना!

मग श्रावणातला एक बुधवार आला. त्या दिवशी प्रगती घरूनच काम करत होती. कंपनीच्या कागदपत्रांत एक नमुना द्यायचा होता: एकाच माणसाची दोन साधनं असली की आकडे कसे वेगवेगळे ओळखायचे. नमुना म्हणून तिनं आबांचंच खातं उघडलं. रोजच्या अ‍ॅपमध्ये एकच बेरीज दिसायची. दोन साधनांपैकी जास्त आकडा असेल तो अ‍ॅप उचलायचं. तिनं पहिल्यांदाच दोन्ही वेगळे करून बघितले.

घड्याळ: अकरा हजार आठशे साठ. मोबाईल: चारशे बारा.

आता मोबाईल आबांच्या बंडीच्या खिशात दिवसभर असतो, हे ती जाणून होती. तिनं तास तपासले. सकाळी साडेदहा ते बारा मोबाईल जागचा हललेला नाही आणि तेवढ्यातच घड्याळ अडीच हजार पावलं चाललंय. एकाच माणसाचा खिसा बसलेला आणि हात चालतोय, असं कधी झालंय का? तिनं मागचा आठवडा बघितला, मागचा महिना बघितला. सगळीकडं तेच.

प्रगतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऑफिसात कुणीतरी सांगितलेला किस्सा तिला आठवला, बक्षिसासाठी एकानं घड्याळ कुत्र्याच्या गळ्यात बांधलं होतं. आबांकडं तर शेळी आहे. म्हणजे आपण चार महिने शेळीचा आलेख सगळ्यांना दाखवत फिरलो! बापानं फसवलं याचा राग होताच. पण खरं सांगायचं तर चौथ्या मजल्यावर आपलं हसं होईल, ही भीती त्याहून मोठी होती.

शनिवारी सकाळी तिनं स्कूटी काढली ती थेट इनामगावात. आबा देवळापुढच्या पारावर पाच-सहा जणांत बसले होते. मनगट उघडं. ते बघून प्रगतीचा तोल गेला. घरी जाऊन बोलावं, चार लोकांत बापाचं काढू नये, एवढं भान लेकीला असायला हवं. नव्हतं.

"आबा, घड्याळ कुठंय?"

"हाय की. घरी."

"घरी का शेळीच्या पायात? माझ्या तोंडावर खोटं बोलताय? रोज बारा हजार पावलं ती शेळीच चालतीय ना? सांगा ना सगळ्यांसमोर!"

पारावर हशा पिकला. एकजण म्हणाला, "भैरूदा, शेळीला बी स्प्रिंग बसवली का काय?" आबा हसले नाहीत. त्यांनी पटका सारखा केला, काठी उचलली आणि हळूच म्हणाले, "चल."

घरावरून पुढं गेले, शेताकडं वळले. दोनदा थांबले, दम घेतला. हा माणूस अकरा हजार पावलं चालत नाही, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. झेंडूच्या वावराच्या कडेला ते उभे राहिले.

"शेळीच्या न्हाई," ते म्हणाले. "तुझ्या आयच्या हातात हाय."

गिताबाई सरीत वाकून फुलं तोडत होती. कमरेला ओटी, डोक्यावर फडकं. लेकीला बघून ती सरळ झाली, आणि पहिल्यांदा काय केलं, तर डावा हात पदराखाली नेला. प्रगतीनं जवळ जाऊन तो हात बाहेर काढला. बांगड्यांच्या वर, पार कोपराखाली सरकवलेलं घड्याळ. चिखल लागू नये म्हणून त्याच्यावर जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली.

प्रगतीला आठवलं, आत्ताच आपण पारावर काय बोललो ते. भूमी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"आबा, पण का?"

आबा बांधावर बसले. सहा वर्षांपूर्वी मेंढरं विकून बसलेला धनगर तो. जन्मभर कळपामागं कोकणापर्यंत पायपीट केलेला.

"म्या पयल्या दोन दिवशी गेलो की चालाय. पार नदीपतुर. वाटंत तिघांनी इचारलं, आबा, मेंढरू चुकलं का? म्हणलं, न्हाई. मग कुणीकडं निघाला? आता काय सांगू? कुणीकडंच न्हाई, नुसतं चालतोय? पुढं मेंढरू न्हाई, खांद्यावर घोंगडी न्हाई, आन् माणूस गाढवावानी हिकडनं तिकडं! पोरंसोरं मागनं हसाय लागली. मला लाज वाटली, बग. तिसऱ्या दिवशी हिला म्हणलं, तू तर चालतीसच दिसभर. घाल. घरातलं कुणीबी चाललं तरी चालणं त्ये चालणंच की."

"आगं, आन् तू लई खूश व्हायचीस," गिताबाई म्हणाली. "फोनवर तुझा आवाज असा नाचायचा. ह्ये म्हणायचे, आता तुझ्या हातातनं कसं काढू? म्या म्हणलं, नका काढू. लेकरू खूश हाय ना."

बोलता बोलता ती मटकन बांधावर टेकली. चार वाक्यांत तिला धाप लागली होती. ओठ पांढरे. प्रगतीनं तिच्या हातावरची चिंधी सोडली आणि घड्याळात बघितलं. बसल्या जागी नाडी एकशे चौदा.

तेव्हा कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला. आबा चालले नव्हते, हे खरं. पण घड्याळ खोटं बोललं नव्हतं. ती नाडी खरी होती. रात्रीची चार-साडेचार तासांची झोप खरी होती. जिना चढल्यासारखा वाढलेला श्वासाचा वेगही खरा होता, आणि जिना कुठं होता? विहिरीपासून गोठ्यापर्यंत तर जायचं होतं. चार महिने एका माणसाचं अंग रोज तिला कळवत होतं की मला बरं नाही. आणि तिनं ते दुसऱ्याच्या नावावर वाचलं, त्याला शाबासकी दिली, आणि जी चालत होती तिला वर सुनावलं, नुसती बसून असतीस. सूचना तर स्वतःच्या बोटानं बंद केली. कुठला आकडा कुठून आला हे जगाला शिकवणारी बाई! असली हुशारी काय चुलीत घालायची?

"आई, चल शिरूरला."

"आता? फुलं तोडायची राहिल्यात अजून."

"आई, तुझ्या पाया पडते. चल."

सतीशला फोन केला, तो ओळखीच्या माणसाची गाडी घेऊन आला. न्हावऱ्यावरून शिरूरला जाताना मागच्या सीटवर गिताबाई लेकीच्या खांद्यावर मान टाकून झोपून गेली. पुढं बसलेले आबा एकदाच मागं वळले आणि म्हणाले, "म्या चाललो असतो तर…" आणि तोंड फिरवून बाहेर बघत बसले. प्रगतीला त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, माफी मागायची होती. पण कुठल्या गोष्टीची आधी मागावी हेच कळेना.

डॉक्टर तेच. रक्त तपासलं, कागद हातात आला तसे ते गंभीर झाले.

"हिमोग्लोबिन साडेपाच आहे मावशी. अंगात रक्तच नाही. हृदयाला दुप्पट काम पडतंय. आज अ‍ॅडमिट व्हायचं, रक्त चढवायचं, आणि ते जातंय कुठं तेही शोधायला लागेल. दम कधीपासून लागतोय?"

"लई न्हाई वो," गिताबाई लेकीकडं न बघता म्हणाली, "चार दिस झालं आसत्याल."

प्रगतीला वाटलं, गप्प बसावं. आई वाचवतीय, वाचावं. एवढी एक थाप पचली तर कुणाचं काय बिघडतंय? पण डॉक्टर पेन उचलून 'चार दिवस' असं लिहायला लागले.

"चार दिवस नाही," ती म्हणाली. "चार महिने. माझ्याकडं सगळं आहे. रोजचं."

तिनं मोबाईल पुढं केला. डॉक्टर बराच वेळ खाली-खाली सरकवत राहिले. "हे तर बाबांचं होतं ना? मागच्या वेळी ही पावलं बघून मीच यांची पाठ थोपटली."

"घड्याळ आईनं घातलं होतं. मी रोज बघत होते, डॉक्टर. बघून… मी सूचना बंद केली."

डॉक्टर तिला रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी त्या नोंदी छापून घेतल्या. कागदाच्या माथ्यावर नाव आलं भैरू, पुरुष, वय अडुसष्ट. डॉक्टरांनी त्यावर आडवी रेघ मारली, वर लिहिलं गिताबाई, स्त्री, आणि पेन थांबवलं.

"वय?"

प्रगतीनं तोंड उघडलं. त्या घड्याळाचा मॉडेल नंबर तिला पाठ होता. सेन्सर किती, कुठला सेकंदाला किती वेळा मोजतो, तेही पाठ होतं. आबांची जन्मतारीख तर खातं उघडताना तिनंच भरली होती. डॉक्टर वाट बघत होते, सतीश तिच्याकडं बघत होता, आणि तिचं तोंड नुसतं उघडं होतं.

"लिवा कायबी, साठ-बिठ," गिताबाई घाईघाईनं म्हणाली. "तिला कसं ठावं असंल? आमी तिला कवा सांगितलंच न्हाई."