बिनक्लचच्या गाडीचा दांडा

मित्रांनो, मी एक जुना गिअरचा दांडा आहे, आणि तोही ऑटोमॅटिक गाडीचा. म्हणजे आमच्या बाबांच्या भाषेत सांगायचं तर बिनकामाचा. बाबा माझे कोणी नव्हेत, पण घरातली लेक त्यांना बाबा म्हणते, म्हणून मीही म्हणतो.

कारखान्यात मला बसवलं तेव्हा माझ्या शेजारी अक्षरं चमकत होती. पी म्हणजे उभे राहा, आर म्हणजे मागे चला, एन म्हणजे मोकळे, डी म्हणजे निघा. सगळ्यात खाली एल. ते कशासाठी, हे माझ्या पहिल्या मालकाने कधी विचारलंच नाही. तो दुकानदार होता. मला डीमध्ये टाकायचा आणि विसरून जायचा. एलच्या खाचेत धूळ साचत गेली. वाईट वाटायचं, पण सांगणार कोणाला?

मग मला आमच्या लेकीने घेतलं. ती शाळेत गणित शिकवते. यांचं घर टेकडीवर आणि हॉस्पिटल खाली गावात. आईला दर आठवड्याला उपचारासाठी न्यावं लागायचं, आणि लेकीच्या रजा संपत आल्या होत्या. बाबांनी उभा जन्म बस चालवलेली, पण डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. क्लचला पाय लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून ही बिनक्लचची गाडी आली.

बाबांनी मला पाहून नाक मुरडलं. "ही काय गाडी आहे? पाळणा आहे नुसता."

पाळण्याने पहिल्याच दिवशी इंगा दाखवला. शेजारी आई बसलेली. वळण आलं तसा बाबांचा डावा पाय सवयीने क्लच दाबायला गेला. क्लच कुठला, त्या पायाला सापडला ब्रेक. गाडीने असा आचका दिला की पट्टा नसता तर आईचं कपाळच फुटलं असतं. पुढच्या वळणावर पुन्हा तेच. आईला आधीच औषधांनी मळमळत असायचं.

"थांबवा," ती म्हणाली. "तुमच्याबरोबर मी नाही यायची. शेजाऱ्यांना सांगू."

बाबांनी गाडी कडेला घेतली. एवढ्या परक्या माणसांना सुखरूप पोचवलं आणि घरचं माणूस शेजारी बसायला तयार नाही, हे त्यांना फार लागलं. मला पीमध्ये टाकल्यावरही त्यांचा हात माझ्यावरून निघेना. हे फक्त मला ठाऊक आहे.

तोड काढली लेकीने. "बाबा, डाव्या पायातला बूट काढून ठेवा. नुसत्या पायाला लगेच कळेल आपण कुठे चाललोय ते."

मग रोज संध्याकाळी शाळेच्या मोकळ्या मैदानात सराव सुरू झाला. एका पायात बूट, एका पायात मोजा. पाय ब्रेकला लागला रे लागला की बाबा तो झटकन सीटखाली ओढून घ्यायचे. हळूहळू पाय शहाणा झाला. हाताचं मात्र काही खरं नव्हतं. सिग्नल लागला की मला एनमध्ये, सुटला की डीमध्ये, आणि मधल्या वेळात हात माझ्या डोक्यावर.

आई अखेर राजी झाली, पण एका अटीवर. धक्का बसला तर ती उतरून टॅक्सीने जाणार.

उताराला लागलो. धक्का एकही नाही. पण मी डीमध्ये, गाडी सैल सुटलेली आणि बाबांचा पाय सतत ब्रेकवर. अर्ध्या वाटेत आईने नाकाला पदर लावला. "कसला हो वास येतोय?"

बाबांनी गाडी हळूच कडेला घेतली. त्यांचा चेहरा उतरला होता. "ब्रेक तापलेत. बस असती तर खालच्या गिअरवर उतरवली असती. हिला कुठला खालचा गिअर?"

मित्रांनो, तोंड असतं तर मी तेव्हा बोललो असतो. पण आईच वाकून बघायला लागली. "मग हे शेवटचं एल कशाला दिलंय?"

बाबांनीही वाकून पाहिलं. "एल म्हणजे लो, खालचा गिअर!" ब्रेक निवल्यावर त्यांनी मला सावकाश एलमध्ये ओढलं. इतक्या वर्षांत प्रथमच. इंजिन घुमलं आणि गाडी आपणहून आवरली. बाबांचा पाय नुसता ब्रेकजवळ राहिला.

"अगं, ही तर माझी बसच निघाली," बाबा म्हणाले. आई हसली. त्या दिवसापासून ती दर आठवड्याला त्यांच्याच शेजारी बसली. त्या धुळीच्या खाचेने हे करून दाखवलं, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल तर मोठ्यांना एवढं सांगा. गाडी पुरती थांबल्याशिवाय त्याला पीमध्ये किंवा आरमध्ये ढकलू नका. चढावर उभी करताना आधी हँडब्रेक ओढा, सगळा भार एकट्यावर टाकू नका. आणि त्याच्या शेजारची सगळी अक्षरं एकदा तरी वाचा.

मी मात्र भरून पावलो. परवा डॉक्टरांनी आईला सांगितलं, उपचार संपले, आता नुसतं दाखवायला या. परतताना सपाट रस्त्यावर मोठा सिग्नल लागला. सवयीने बाबांचा हात मला एनमध्ये सारायला आला.

"राहू द्या हो त्याला," आई म्हणाली. "तो बघून घेईल."

बाबांचा हात माझ्यावरून उचलला गेला आणि तिच्या हातावर जाऊन थांबला. सिग्नल सुटेपर्यंत तो तिथेच होता, आणि मी डीमध्ये.