डोमाजीचं पान

पूर्वजांचे गोडवे ज्यांना चांगले पूर्वज मिळाले त्यांनी खुशाल गावेत, आमच्या मागे कशाला लागता, असं माझं आजही मत आहे. एकसष्ट साली मात्र मी ते बोलून दाखवलं नाही, कारण तेव्हा मी नोकरीत कायम झालेलो नव्हतो.

अकोल्याच्या एका सरकारी कचेरीत मी नक्कल विभागात कारकून होतो. जुन्या कागदांच्या नकला करायच्या आणि मग त्यांची रुजवात घ्यायची. म्हणजे एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने नकलेवर बोट फिरवत जायचं. एक शब्द जरी चुकला तरी आमचे साहेब, हेमचंद्र पाठक, नक्कल परत करायचे. साहेब माझ्याच गावचे, पूर्णाकाठचे. त्यांचं घर गावाच्या मधोमध आणि आमचं गावाबाहेर. त्यांचे वडील वकिली करायला अकोल्यात आले, तेव्हापासून ते जठारपेठेत राहत. माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं ऐकून त्यांना नावं ठेवणं तुम्हाला फार सोपं जाईल.

नवं राज्य होऊन दीड वर्ष झालं होतं. बदल्यांमुळे कचेरीत कोकणातले, मराठवाड्यातले, खानदेशातले लोक येऊन पडले होते. मेहबूब दफ्तरी जुना, माझ्या शेजारच्या टेबलावरचा उद्धव अकोटकडचा कुणबी, टायपिस्ट ललिता सोलापूरची. दुपारी जो तो आपापला डबा उघडून आपापल्या कोपऱ्यात बसायचा. साहेबांना ते बघवेना. माणसाला माणसाच्या घरची गोष्ट कळल्याशिवाय कचेरी एक होणार नाही, असं त्यांच्या मनाने घेतलं. मग हुकूम निघाला. सर्वपित्री अमावस्येला चार वाजता दफ्तरखान्यात सगळ्यांनी जमायचं, प्रत्येकाने आपल्या घराण्याची एक गोष्ट सांगायची आणि मग सोबत फराळ करायचा. दिवस पितरांचा, म्हणून मुद्दाम तोच धरला होता.

चार दिवस आधी त्यांनी मला आत बोलावलं. बस म्हणाले. मी बसलो.

त्यांनी मला आमच्या घराण्यातल्या डोमाजीची गोष्ट सांगितली. डोमाजी हे नाव त्यांना माहीत नव्हतं, ते मी घालतोय. ते ‘आमच्या गावचा महार’ एवढंच म्हणाले. त्यांचे पणजोबा वारले ते ऐन श्रावणात, पूर्णा दुथडी भरलेली असताना. लेक दिलेली नदीपलीकडच्या गावी. तिला सांगावा कोण नेणार? तेव्हा हा इमानी माणूस आपणहून पुढे झाला, पुरात उतरला, सांगावा पोचवून पोहत परत आला, आणि तापाने फणफणून तिसऱ्या दिवशी त्यांच्याच दारात वारला. तेव्हापासून पाठकांच्या घरी दर सर्वपित्रीला त्याच्या नावाचं एक पान मागच्या भिंतीशी वाढतात. सांगताना साहेबांचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटं नव्हतं.

‘पाच वर्षं झाली, पान घ्यायला तुमच्याकडून कुणी येत नाही,’ ते म्हणाले. ‘यंदा ते मी माझ्या हाताने तुला वाढणार. भिंतीमागे नाही, सगळ्या कचेरीच्या मध्ये. मी माझ्या घरची गोष्ट सांगीन, तू तुझ्या घरची. रुजवातच घेऊ म्हण ना.’

माझ्या कायम होण्याचा कागद त्यांच्या टेबलावर, पितळी वजनाखाली होता. त्यांनी त्याकडे बघितलं नाही. मी बघितलं. बरं साहेब म्हणून बाहेर आलो आणि दिवसभर एकही नक्कल धड झाली नाही.

ते पान मला ठाऊक होतं. लहानपणी बाबांचा हात धरून मी त्या भिंतीमागे उभा राहिलेलो आहे. आतून पळसाची पत्रावळ भिंतीवरून खाली सरकवली जायची. खीर, वडे, कढी, भोपळ्याची भाजी. खीर वड्यांत मिसळून जायची आणि मला ती फार आवडायची. ती आवडायची याचीच मला पुढे जास्त लाज वाटली. छप्पन साली बाबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले, घरातले देव नदीत सोडले आणि म्हणाले, आता श्राद्धपक्ष नाही, दुसऱ्याच्या श्राद्धाचं पानही नाही. दोन वर्षांनी ते गेले. मी मायला घेऊन अकोल्यात आलो.

मायचं नाव पंचफुला. तिला मी सगळं सांगितलं. कायम होण्याचंही सांगितलं, जरा जास्तच सांगितलं. तिने जात्यावरचा हात थांबवला नाही.

‘आपणहून?’ ती म्हणाली. ‘तो आपणहून नव्हता गेला रे. दोन घंटे पाठकाच्या ओट्यापुढं हात जोडून उभा होता. पूर उतरू द्या म्हने. थे म्हनले, सांगावा नेनं तुयं काम हाय, नाही जमत तं गाव सोड. तवा गेला. तिकडं सांगावा देल्ला. येता येता बुडाला. तीन गावं खाली सापडला.’

हे मी शंभर वेळा ऐकलं होतं. पण त्यापुढचं ती नेहमी हळू सांगायची, तसंच तिने सांगितलं. मौतीचा सांगावा गावोगाव नेणारा माणूस एकच, तो डोमाजी. तोच बुडाल्यावर त्याचा सांगावा न्यायला कोणी राहिलं नाही. त्याची लेक शेगावकडे दिलेली होती. ती दिवाळीला बापासाठी करंज्या बांधून आली आणि दारात उभी राहून विचारती झाली, बाबा कुठं हाय.

ताप की पूर, मी तिथं नव्हतो. साहेबही नव्हते. पण ज्या घरात माणूस मेला त्या घराला विचारायची रीत आहे की नाही?

‘नोकरी ठेवायची हाय मले, माय,’ मी म्हणालो.

‘ठेव ना. पान घेऊ नको, नाहीही म्हनू नको,’ ती म्हणाली. ‘मी डबा देतो. त्याईले म्हनाव, तुमचं आमी खातो, आमचं तुमी खा. मंग थे श्राद्धाचं पान राहत नाही, पंगत होते.’

अमावस्येला दफ्तरखान्यात सतरंज्या घातल्या होत्या. मेहबूबने आपल्या आजाची, एलिचपूरच्या किल्ल्यावरच्या शिपायाची गोष्ट सांगितली आणि सगळ्यांना हसवलं. ललिताने सांगितलं की तिच्या आजीने नवरा गेल्यावर हातमाग चालवून पाच पोरं वाढवली. उद्धवला काही आठवेना, तो बैलाचीच गोष्ट सांगून मोकळा झाला. खरं सांगतो, तोवर मलाही बरं वाटत होतं. मग साहेब उठले. ते दुपारी घरचं श्राद्ध उरकून आले होते. त्यांनी आपली गोष्ट सांगितली आणि शेवटी माझ्याकडे हात केला.

मी उभा राहिलो. आधी नाव सांगितलं. डोमाजी सखाराम तायडे. मग मायने सांगितलं तसं सांगितलं, काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. ओटा, दोन घंटे, पूर, आणि करंज्या घेऊन आलेली लेक. साहेबांचा आवाज मधे भरून यायचा तसा माझा आला नाही. मला रागच इतका आला होता.

ललिता पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. साहेब तसेच उभे होते, हातात पत्रावळ. बिचाऱ्यांनी ती आधीच वाढून घेतली होती. दोन पावलं पुढे येऊन त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली. मी पिशवीतून डबा काढून त्यांच्यासमोर ठेवला. भाकरी, अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा.

‘साहेब, माझ्या मायनं दिलाय. तुमी हे खा, मी ते खातो.’

त्यांनी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ‘देवमन, आज माझ्याकडे श्राद्ध आहे,’ ते हळू म्हणाले. ‘करणाऱ्याला आज परान्न चालत नाही. तू गैरसमज करून घेऊ नको.’

खरंच चालत नाही. उद्धवनेही मान डोलावली. मी म्हणालो, हरकत नाही, मग दोघंही उद्या खाऊ. डबा पिशवीत घातला. पत्रावळ सतरंजीवर तशीच राहिली आणि सगळे तिला वळसा घालून फराळाला गेले.

दुसऱ्या दिवशी घट बसले. साहेबांचे नऊ दिवस उपास असायचे, हे सगळ्या कचेरीला ठाऊक होतं, नेमकं मीच विसरलो होतो. दहाव्या दिवशी दसऱ्याची सुटी. अकराव्या दिवशी मायने पुन्हा डबा दिला. त्या दिवशी साहेबांनी मला आत बोलावून दोन कागद हातात ठेवले. एक कायम झाल्याचा आणि दुसरा अमरावतीला बदलीचा. शेरा उत्तम लिहिला होता. तिथे जागा बरी आहे, तुझ्या भल्याचं आहे, असं म्हणाले. मग खिडकीकडे बघत म्हणाले, ‘पुढल्या वर्षीपासून त्यांचं नाव घेऊन पान वाढू.’

मला दूर केलं की वर काढलं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. डबा मी उद्धवला दिला. त्याने तो चाटूनपुसून खाल्ला.

अमरावतीला चार वर्षं होत आली होती. पासष्ट सालच्या जुलैत एका सकाळी कचेरीत अकोल्याहून ट्रंक कॉल आला. पलीकडे उद्धव होता.

‘देवमन, पाठकसाहेब गेले. पहाटेच.’ मग म्हणाला, ‘त्याईची पोरगी तारा तिकडं राहते, मास्तराच्या घरी दिली हाय. तिच्याशिवाय उचलनार नाहीत. तुया कचेरीतला कोनी शिपाई धाडून दे ना.’

त्याने पत्ता सांगितला. मी तो कागदावर लिहून घेतला आणि शिपायाला हाक मारायला तोंड उघडलं. शिपाई समोरच स्टुलावर बसला होता. मी त्याला हाक मारली नाही. सांगावा नेण्याचं काम आमच्या घराने टाकलं होतं, बाबांनी टाकलं होतं, आणि ते पुन्हा उचलायची मला काय गरज होती? मी स्वतःला चांगल्या चार शिव्या दिल्या. पण पापड-कुरड्या घेऊन ती बाई आठ दिवसांनी माहेरी जाईल आणि दारात उभी राहून बाबा कुठे म्हणून विचारील, असं काहीतरी वेडंवाकडं डोक्यात यायला लागलं. ट्रंक कॉलच्या जमान्यात असं होत नसतं, हे कळत होतं. तरी अर्जाचा कागद ओढला, अर्धी रजा लिहिली आणि सायकल काढली.

दार तिनेच उघडलं. मी पायरीखालीच उभा राहिलो होतो, ते माझ्या मागाहून लक्षात आलं. मी सांगितलं. ती चौकट धरून खाली बसली. शेजारणी आल्या. मास्तर शाळेत होते, त्यांनाही मीच जाऊन घेऊन आलो आणि दोघांना मोटारस्टँडवर नेलं. अकोल्याच्या गाडीत जागा धरून दिली. मास्तर तिकिटं काढायला गेले तेव्हा ती खिडकीशी बसली होती, डोळे सुजलेले. तेव्हा कुठे तिने माझं नाव विचारलं.

‘देवमन तायडे. साहेबांच्या हाताखाली होतो. गाव तुमचंच.’

ती माझ्याकडे बघत राहिली. ‘तायडे म्हणजे डोमाजींच्या घरचे?’

साहेबांनी शब्द पाळला होता. नाव घरात गेलं होतं, लेकीपर्यंत पोचलं होतं, तेही आदराने. मी हो म्हणालो.

‘बाबा दर वर्षी नाव घेऊन पान वाढायचे. आम्हाला सांगायचे, आमच्यासाठी ते आपणहून पुरात उतरले म्हणून.’ तिने डोळे पुसले. ‘आणि आज तुम्ही आलात. कुणी पाठवलं तुम्हाला?’

सगळ्या कचेरीसमोर रुजवात झाली होती, आणि साहेबांनी नावाची तेवढी दुरुस्ती करून बाकीचा मजकूर होता तसा ठेवला होता. त्या बाईचा बाप घरात झाकून ठेवलेला. तिच्याशी वाद घालायची ती वेळ नव्हती, हे मला कळत होतं. गप्प बसावं असंही वाटत होतं. पण गप्प बसलो असतो तर डोमाजी पुन्हा एकदा बुडाला असता.

‘डोमाजीले धाडलं होतं, बाई,’ मी म्हणालो. ‘आपणहून मी आलो.’

मास्तर तिकिटं घेऊन आले आणि कंडक्टरने घंटी दिली.