हा गुडघा, तो गुडघा

हिरव्या रंगाचा एक पोपडा – कठड्याच्या दुसऱ्या वळणावर, नेमका अंगठ्याखाली येणारा, कडेने सुटलेला आणि मधोमध अजून लाकडाला हट्टाने धरून राहिलेला. गेले कित्येक महिने ती इथे थांबत आली होती. पोपड्याच्या उचललेल्या कडेवरून नख फिरवायचं, तो निघणार नाही एवढ्याच जोराने, आणि मग पुढची पायरी. सुरुवातीला थांबणं भाग होतं, कारण दम लागायचा. पुढे दम लागेनासा झाला तरी थांबणं राहिलं – एखादं माणूस घर सोडून गेल्यावरही त्याच्या खुर्चीला वळसा घालून चालण्याची सवय घरात राहते, तसं. आज मात्र पोपड्यावर अंगठा ठेवून ती जी थांबली, ती सवयीने नव्हे. आज तिला इथे उभं राहून एक लबाडी पक्की करायची होती.

गुडघ्यांवर इलाज करणारी खोली तिसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही, ह्यावर पहिल्या दिवशी ती चिडली होती, तेव्हा फिजिओथेरपिस्ट ताई – गोलमटोल, आयुष्यात कधी सुटलेल्या बसमागेसुद्धा न धावलेली – म्हणाली होती, "अगं, जिना हाच इलाज आहे. मी वर नुसती गप्पा मारायला बसते." आणि तिच्या कुबड्या भिंतीला टेकवून ताईने तिला जिन्याचा नियम शिकवला होता: चढताना पुण्यवान पाय आधी, उतरताना पापी आधी, कारण पुण्यवान वर जातात आणि पापी खाली. पुण्यवान म्हणजे उजवा. पापी म्हणजे डावा – तोच, ज्याच्या जोरावर ती तिहेरी उडी मारायची, ज्याच्यामुळे संघातल्या मुलींनी तिचं नाव टोळ ठेवलं होतं, आणि ज्याने ऐन उडीत, दुसऱ्या टप्प्यावर, वाळू समोर दिसत असताना, शर्टाचं बटण तुटावं एवढाच आवाज केला होता... टक्. एवढाच. इतक्या मोठ्या गोष्टीला इतका किरकोळ आवाज!

त्याला पापी म्हणणं तिच्या जिवावर यायचं. त्यापेक्षा ती 'तो' म्हणे. उजवा गुडघा 'हा', डावा 'तो'. कधीपासून, ते तिलाही सांगता आलं नसतं, पण 'तो आज कुरकुरतोय', 'त्याला जिन्याचा कंटाळा आलाय' असं ती बोलू लागली, आणि एका संध्याकाळी बाबांनी – ते शिंपी, ओठांत टाचण्या धरून बोलायची त्यांना सवय – मशीन थांबवून विचारलं होतं, "हा 'तो' म्हणजे कोण म्हणायचा? बिनसलेल्या जावयाबद्दल बोलावं तशी बोलतेस. तुझ्याच पंगतीला बसतो ना तो?" ती हसली होती. पण मनात म्हणाली होती, बसतो, बाबा. पण उठेल की नाही, ते मला विचारून ठरवत नाही.

बाबांना शस्त्रक्रिया मात्र फार आवडली होती. मांडीच्या मागच्या बाजूची एक दोरी काढून गुडघ्यात तुटलेल्या दोरीच्या जागी ओवली, हे ऐकून त्यांचा चेहरा खुलला होता. "अंगच्याच कापडाचं ठिगळ! ह्याला तोड नाही. आटलं तरी दोन्ही बरोबरच आटणार." ताईने पुढचं सांगितलं होतं: नव्या जागी गेलेली दोरी आधी मरते, मग तिच्यात बारीक रक्तवाहिन्या शिरतात, मग रिकाम्या घरात एकेक बिऱ्हाड यावं तशा पेशी राहायला येतात, आणि हळूहळू त्या दोरीला आपलं जुनं काम विसरून नवं काम येऊ लागतं. गंमत अशी, की माणसाला बरं वाटू लागतं तेव्हाच दोरी सर्वांत कच्ची असते. "बरं वाटणं आणि बरं होणं ह्या सख्ख्या बहिणी," ताई म्हणाली होती, "पण एका गाडीने येतील तर शपथ."

आता दुसरी बहीणही आली होती. डॉक्टर म्हणाले होते, दोरी पक्की आहे. मांडी पुन्हा भरली होती. ही बातमी सगळीकडे पोचली होती – फक्त एका ठिकाणी सोडून. पाय जमिनीवर टेकायच्या अगोदर, श्वासाच्या आणि पावलाच्या मधल्या अरुंद बोळात, कुणीतरी अजून कान देऊन उभं होतं: टक् होतंय का?

आणि आज परीक्षा. एका पायावर उभं राहायचं, त्याच पायाने पुढे उडी, त्याच पायावर उतरायचं आणि न डगमगता उभं राहायचं. ताई टाचेपाशी खडूची रेघ मारणार. आधी हा, मग तो. त्याची रेघ ह्याच्या रेघेजवळ आली, तर संघाचे प्रशिक्षक सर तिला पुन्हा धावपट्टीवर घेणार आणि संघात तिची जागा राहणार. नाही आली तर हा हंगाम संघातल्या दुसऱ्या मुलीचा. सरांनी हे आवाज न चढवता सांगितलं होतं, आणि ते आवाज चढवत नाहीत तेव्हाच सगळ्यांना भीती वाटते.

पण दोन रेघा जवळ आणायच्या, तर मागची पुढे नेलीच पाहिजे असं कुठे आहे? पुढची मागे ओढली तरी... पोपड्याची कड नखाला टोचली. मी खोटं कुठे बोलणार आहे? मी फक्त थोडी कमी खरी उडणार आहे. हा तर शहाणा आहे, हा समजून घेईल. ती वर चढली – पुण्यवान आधी.

"ये, टोळ," ताई म्हणाली. खिडकी सताड उघडी होती, फरशीवर ऊन लोळत पडलं होतं. "सरांचा दोनदा फोन आला. मी म्हटलं, अहो, ती अजून जिन्यात आहे, तुम्ही श्वास घ्या. चल, आधी हा."

ती रेघेवर उभी राहिली आणि उडाली – मनात धरली होती तेवढीच, लगाम खेचून – आणि सफाईने उतरली. जरा जास्तच सफाईने. ताई खडू घेऊन वाकली, टाचेकडे बघत राहिली, आणि रेघ न मारताच सरळ झाली.

"हा आज उपाशी आहे का?"

"का?"

"नाही, गेल्या महिन्यात त्या कपाटापर्यंत जात होता, आज वाटेतच बसला, म्हणून विचारलं." मग खडूची भुकटी पदराला पुसत, "अगं, सगळेच करतात हे. मागे एका फुटबॉलवाल्याने चांगला पाय इतका आखडता घेतला, की मला वाटलं, मी वर्षभर भलत्याच पायावर मेहनत घेतली!"

कानांच्या पाळ्या तापल्या. लाज ही जी वर चढत येते, ती कुठल्या पायाने चढते?... आणि पाठोपाठ हसू, आवरेना असं. हसता हसताच ती म्हणाली, "पण ताई, तो नाही पोचला तर?"

"तर नाही पोचणार. मग पुन्हा जिना, आणि मी आहेच वर गप्पा मारायला. पण आज चोरून पोचलीस ना, तर पुढे ते आठवेल. आणि कधी आठवेल सांगू? उडी घ्यायच्या फळीवर पाय पडेल तेव्हा. आधी नाही आणि नंतर नाही."

म्हणजे त्या अरुंद बोळात कान देऊन उभं राहायला आणखी एकजण. तिने मान हलवली आणि पुन्हा रेघेवर आली. ह्या वेळी तिने ह्याला मोकळं सोडलं – आणि फरशी खालून सरकली, कपाट अंगावर धावून आलं, पोटात ती जुनी पोकळी उघडली, जिच्यासाठी माणूस वाळूचे खड्डे शोधत फिरतं... अरे, हे असं असतं! हे मी विसरले होते! खडूची रेघ इतकी लांब पडली, की तिला एकाच वेळी अभिमान वाटला आणि आता त्यालाही तिथवर जायचंय हे आठवलं.

"आता तो," ताई म्हणाली.

डाव्या पायावर उभं राहून तिने खाली पाहिलं. गुडघ्यावरचा व्रण, फिकट, बाबांच्या हातच्या टाक्यांपेक्षा थोडा वाकडा.

"त्याच्याकडे काय बघतेस? बघितलं की बुजतो. वाटेने चालताना कुणी आपल्याकडे टक लावली, तर आपलीसुद्धा चाल बिघडते. समोर बघ. तो शिडीवरचा पेंटर दिसतोय? सकाळपासून पाटी रंगवतोय आणि मला चष्म्याशिवाय काही दिसत नाही. कुठलं अक्षर काढतोय, ते उतरल्यावर सांग."

रस्त्यापलीकडे दुकानाच्या पाटीवर लाल रंग ओला चमकत होता. शिडी जरा तिरकी, पेंटरची जीभ दातांत. ब्रश गोल फिरत आला, उभ्या दांड्याला भिडला... गोल जरा चपटा झालाय, त्याचं लक्ष कुठे आहे... खालून दांडा ओढतोय... आणि ती उतरली होती. हात दोन्हीकडे पसरलेले, ऊन डोळ्यांवर.

"व!" ती ओरडली. "किंवा ब. पोटातली रेघ असेल तर अजून मारायचीय त्याला."

"दुखला का?"

"कोण?"

खडू हातात तसाच धरून ताई फरशीवर बसली आणि हसू लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि टोळ एका पायावर तशीच उभी, काय विनोद झाला ते न कळून, मग कळून, मग न कळल्याचंच नवल करत. कोण... खरंच, कोण?

टेप लागली. ताईने एकदा मोजलं, चष्मा शोधला, पुन्हा मोजलं.

"काठावर आहे."

"म्हणजे पास?"

"म्हणजे काठ. काठावरून माणूस आतही पडतो आणि बाहेरही. सरांशी बोलते मी. तू खाली जा बघू, माझ्या तोंडाकडे टक लावून उभी राहू नकोस, मी पण बुजते."

रस्त्यावर आल्यावर वारा लागला, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की अंगठ्याला पोपडा लागलेला नाही. दुसरं वळण कधी गेलं? आणि उतरताना आधी कोण – पापी की पुण्यवान? हा की... तिने जिना आठवून पाहिला, पायरीपायरीने, आणि प्रत्येक पायरीवर तिला फक्त एक लाल, ओलं अक्षर दिसलं. वर खिडकीत ताई फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होती, मोकळा हात जोरजोरात हलवत. तो हात हो म्हणत होता की नाही म्हणत होता, ते इथून कळत नव्हतं. छातीत धडधडत होतं, नाही असं नाही. जागा अजून हवीच होती, कालच्याइतकीच हवी होती. पण त्या धडधडीखाली आज कुणी कान देऊन उभं नव्हतं. तो बोळ रिकामा होता, आणि रिकाम्या बोळात वारा फिरावा तसं काहीतरी हलकं, खट्याळ तिच्यातून फिरत होतं.

"काका," तिने शिडीवर हाक मारली, "व का ब?"

"घाई आहे का?" पेंटर वळून न बघताच म्हणाला.

तिने दोन्ही पायांवर सारखा भार दिला, मग विचार न करता एकावर, मग दुसऱ्यावर, आणि मान वर करून बघत राहिली. ब्रश अजून हवेतच होता.