पाणी चांगलं होईस्तवर

उमर जमादार यांनी तिसरं चित्र पडद्यावर आणलं, त्याकडे क्षणभर पाहिलं आणि लॅपटॉप मिटला.

"हे तुम्ही सकाळपासून दोनदा पाहिलं असेल," ते म्हणाले. "मला विहीर बघायचीय. दाखवाल?"

खोलीत जरा चुळबुळ झाली. पेठेतल्या विहिरींचं पाणी पुन्हा वापरण्याजोगं करायला पालिकेला सल्लागार नेमायचा होता आणि आज मुलाखती होत्या. आधीच्या दोन्ही कंपन्यांनी रंगीत नकाशे दाखवून दीड वर्षात पाणी शुद्ध करायचं कबूल केलं होतं; त्यांच्या निविदांमधला हा आकडा आधीच पेपरातही आला होता. समितीचे अध्यक्ष विजयसिंह यांनी घड्याळ पाहिलं, मग शेजारी बसलेल्या उपअभियंता तेजस्वीकडे पाहिलं.

"कुठली विहीर?" तिनं उमरना विचारलं.

"सगळ्यात वाईट असेल ती."

तेजस्वीच्या पुढ्यात तपासणीचा अहवाल होता. तो उघडायची तिला गरज नव्हती.

"ती आमच्या घरची आहे," ती म्हणाली.

गल्लीच्या टोकाला पूर्वी धातूच्या वस्तूंना मुलामा देणारा एक प्लेटिंगचा कारखाना होता. मालकानं तो बंद केला, गाव सोडलं. रसायन मात्र जमिनीत मुरत राहिलं. पाण्यावर पिवळी झाक आली तेव्हा तेजस्वीनंच नमुने तपासायला पाठवले, आणि निकाल आल्यावर पेठेतल्या सगळ्या विहिरींवर जाळी ठोकून घेतली. सुरुवात स्वतःच्या परसातून केली.

तिचे सासरे आकाराम यांच्या म्हशी त्या विहिरीवर जगत होत्या. संध्याकाळी ते म्हशी घेऊन चौकात जायचे, गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात द्यायचे. म्हशींना प्यायला पाणी, धुवायला पाणी. नळाला ते झेपेना. एकेक करून म्हशी गेल्या. शेवटची वारणानगरकडच्या एका माणसानं नेली, आणि त्या दिवसापासून आकाराम सुनेशी बोलायचे थांबले. तिच्या हातची भाकरी खायचे, पण निरोप बायकोमार्फत द्यायचे.

"तिला म्हनावं, आमटीत मीठ कमी हाय."

तेजस्वी समोरच बसलेली असायची. बयाबाई कपाळाला हात लावायच्या आणि मीठ पुढं सरकवायच्या.

समिती परसात आली तेव्हा आकाराम रिकाम्या गोठ्याच्या कट्ट्यावर बसले होते. उठले नाहीत. उमरनी गुडघे टेकून जाळीतून बाटली खाली सोडली, भरून वर घेतली आणि उन्हात धरली.

"पावणं, कोन म्हनायचं तुमी?" आकारामनी विचारलं.

"उमर जमादार. मिरजेचा. खराब झालेलं पाणी सुधारायचं काम करतो."

"व्हय? पेपरात आलंय, दीड वर्सात करत्यात म्हनं."

उमरनी बाटलीला बूच लावलं. हात पँटला पुसले.

"काका, मी तसं नाही म्हणणार. आधी कारखान्याखालची माती काढायला लागेल. मग पाणी उपसून गाळत राहायचं. पण खडकाच्या भेगांत जे बसलंय, ते हळूहळूच सुटतं. जनावरांना चालेल इतकं व्हायला पाच वर्षं. कदाचित सहा. माणसांना प्यायचं म्हणाल, तर ते मला आज सांगता येणार नाही."

विजयसिंह उगाच खाकरले. आकाराम उठून उभे राहिले.

"सा वर्सं! मग ह्या मानसाला कशाला घिऊन आलीस गं हितं?"

दारात चहाचा ट्रे घेऊन आलेल्या बयाबाई होत्या तिथंच थांबल्या. आपल्यालाच विचारलंय, हे कळायला तेजस्वीला एक क्षण लागला.

"खरं काय ते कळावं म्हणून, मामा."

आकारामनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि फाटकातून बाहेर पडले. उमर चहा प्याले, चांगला झालाय म्हणाले.

"नळाच्या पान्याचा हाय," बयाबाई म्हणाल्या. "हिरीच्या पान्याचा पिला असता तर कळलं असतं चा कशाला म्हनत्यात."

ऑफिसात परतल्यावर विजयसिंह खिडकीपाशी गेले.

"माणूस पक्का आहे. पण सहा वर्षं म्हटलं की पेठेतली माणसं आपल्याला दारात उभं करतील का? तुमच्या घरातच बघितलं ना आत्ता."

"बघितलं, साहेब. आणि विहीर माझ्या घरची आहे, तेव्हा माझं मत धरू नका. पण दीड वर्षानं पाणी पिवळंच निघालं, तर त्या माणसांपुढं मला रोजच उभं राहायचंय. मी तिथंच राहते."

विजयसिंह हसले. बाकीच्या सदस्यांना त्यांनी एकेक करून विचारलं, कोणी नाही म्हणालं नाही.

"टिपण तुम्ही लिहा," ते म्हणाले. "आणि सहा वर्षं अक्षरात लिहा. नंतर कोणी आकडा वाचला नाही म्हणायला नको."

नेमणुकीची बातमी छापून आली. गल्लीत दोन दिवस आरडाओरडा झाला. आकारामनी पेपर वाचला, घडी घालून ठेवला आणि कोणाला काही न सांगता रविवारी सकाळीच बाहेर पडले. जेवायलाही आले नाहीत.

दुपार कलली तेव्हा फाटकाशी टेम्पो थांबल्याचा आवाज आला. पाठोपाठ बयाबाईंचा.

"अगं बया! तेजस्वी, हिकडं ये, बघ ह्यांनी काय आनलंय!"

गोठ्यात एक रेडी उभी होती. काळीभोर, लुकडी, मोठ्या कानांची. टेम्पोच्या हादऱ्यानं तिचे पाय अजून थरथरत होते. आकाराम तिच्याखाली पोतं अंथरत होते.

"आनायची तर दुभती म्हस तरी आनायची," बयाबाई म्हणाल्या. "ह्या वयात एवढीशी रेडी? ही कवा मोठी हुयाची, कवा व्यायची!"

"दुभतीला आत्ता पानी लागतंय," आकाराम पोतं सारखं करत म्हणाले. "हिला नळाची बादली पुरती. आन ही थोरली होईस्तवर..."

त्यांनी जाळी ठोकलेल्या विहिरीकडं पाहिलं. रेडीच्या मानेवरची धूळ तळहातानं झाडत राहिले.

तेजस्वी आत गेली, बादली भरून घेऊन आली. रेडी बिचकून मागं सरली.

"दावं धर तू," आकाराम तिला म्हणाले. "नवं मानूस बघून भ्याली हाय. जरा बोल तिच्यासंगं."

तेजस्वीनं बादली त्यांच्याकडे दिली, ओढणी खोचली आणि दावं हातात घेतलं. "ये गं, पी," ती हळूच म्हणाली. रेडीनं तिचं मनगट हुंगलं, ओलं नाक त्यावर टेकवलं आणि मग बादलीत तोंड घातलं.