लख्ख बाटली

वॉर्डात मला पाठीमागे फौजदार म्हणतात. म्हणू देत बापडे. तीस वर्षं ऑपरेशनचे पेशंट सांभाळतेय, नुसत्या गोड बोलण्यानं कुणाचे टाके भरलेले पाहिले नाहीत.

सात नंबरच्या खाटेवर शिंपीकाका होते. आतड्याचं ऑपरेशन झालेलं. पोटातून एक नळी बाहेर काढली होती, आत साठलेलं लालसर पाणी तिच्यातून खाटेखालच्या बाटलीत उतरायचं. रोज सकाळी आठला ते मोजायचं, लिहायचं आणि बाटली रिकामी करायची, हे माझं काम. पहिल्या दिवशी दोनशे मिली भरलं, दुसऱ्या दिवशी एकशे साठ.

शुद्धीवर आल्याआल्या काकांनी स्वतःचे टाके निरखले होते आणि म्हणाले होते, "डॉक्टरांना काजं करायला देऊ नका." असा माणूस दोन दिवसांत भिंतीकडे तोंड करून पडायला लागला. घास घेईना, बोलेना. काकूंचा जीव तीळ तीळ तुटत होता.

"घरी गेले की खातील हो हे," त्या संध्याकाळी मला म्हणाल्या. "कधी सोडणार?"

मी घाईत होते. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "बाटलीत पन्नासच्या खाली आलं की नळी काढतात. मग घर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटलीत वीस मिली होतं. मला इतका आनंद झाला की पेन उघडून लिहायलाच घेतलं. डॉक्टर दहाला येणार, नळी काढणार, काका सुटणार. मग सवयीनं मी बाटली उजेडात धरली.

बाटली लख्ख होती. तिसऱ्या दिवशी आमची बाटली आतून लाल, चिकट झालेली असते. हिला तर साबणाचा वास येत होता!

"काकू, ही कुणी घासली?"

काकूंचं तोंड एवढंसं झालं. "ओतल्यावर इतकी घाण दिसली... तशीच कशी ठेवायची? खरकटा चमचासुद्धा मी तसा ठेवत नाही."

"अहो, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" माझा आवाज दारापर्यंत गेला. मग मी तो खाली आणला. "किती ओतलंत?"

मी मोजायचं भांडं घेतलं आणि त्यात पाणी ओतत गेले. जन्मभर अंदाजानं स्वयंपाक केलेली बाई. वाकून बघत होती. "अजून... अजून थोडं... बस."

दोनशे चाळीस.

"रंग कसा होता?"

"कालच्यापेक्षा लाल. चांगलंच लाल."

मी लगेच काकांकडे वळले. काकांचं कपाळ गार लागत होतं, नाडी एकशे अठरा. मी डॉक्टरांना फोन केला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. नऊला काका पुन्हा टेबलावर होते. आत एक बारीक रक्तवाहिनी झिरपत होती, ती बांधली. "वीसवर विसंबून नळी काढली असती, तर संध्याकाळपर्यंत पत्ता लागला नसता," डॉक्टर म्हणाले.

काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या. "मीच मारलं असतं ह्यांना," एवढंच बोलल्या.

मी त्यांच्या शेजारी बसले. ड्यूटीवर मी बसत नाही. "आकडा किती हवा ते मी सांगितलं, कशासाठी मोजतो ते नाही सांगितलं. चूक माझीही आहे, काकू." हे म्हणताना मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

त्यानंतर बाटली सावकाश उतरत गेली. काका पुन्हा बोलायला लागले, नवे टाके जुन्यांपेक्षा बरे आहेत असा दाखलाही त्यांनी दिला. सहाव्या दिवशी सकाळी आठला मी वाकून बाटली उचलली. तीस. आत सगळीकडे लालसर थर धरलेला होता.

काकू खाटेपासून चार पावलं लांब उभ्या होत्या, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.

"सिस्टर, मी हात लावला नाही हो."

"माहीत आहे मला," मी म्हटलं. पण मी कागदावर तीस लिहून पेन बंद करेपर्यंत त्यांनी हात पुढे आणले नाहीत.