गिरणी गल्लीची लाइट

पंचशीलानं खिडकी लावून घेतली, तरी अशफाक हळूच बोलत होता. वायरमनचा पट्टा अजून त्याच्या कमरेला होता.

"एकेका गल्लीची डीपी पाडून लाइट घालवायला सांगितलंय, ताई. आदी तांबोळी गल्ली, मंग सोनार गल्ली, मंग गिरणी गल्ली, शेवटी तुमचं मिलिंदनगर. ज्या गल्लीची लाइट गेल्यावर तुमचा ओटा बंद पडंल, तिथंच घर घावलं."

"कुणी सांगितलं?"

"राखेच्या टिपरवाल्यांनी. अजून कोन सांगनार?"

ओटा म्हणजे कोपऱ्यातल्या टेबलावरचा जुना कॉम्प्युटर. परळीतली माणसं त्याच्यावर खोट्या नावांनी लिहीत. कुठल्या विहिरीत वीज केंद्राची राख पडली, कुणाचं टिपर ताडपत्रीशिवाय गेलं. बाहेरच्या कंपनीच्या ॲपवर भरवसा नको, म्हणून पंचशीलानं हे घरीच मांडलं होतं. तुमचं नाव फुटणार नाही, असा शब्द प्रत्येकाला दिला होता. पण कोणतं नाव कुणाचं, हे त्या डब्यात होतंच. टिपरचे फोटो टाकणारा अशफाक होता, हेही.

"मग आत्ताच बंद करते."

"आन् तुमाला कुनीतरी आदीच सांगितलं म्हनून मलाच धरतेल. बॅटरी न्हाई का?"

"कधीची बसलीय."

तो उठला. "मी नुसता डांब चढतो, ताई. खाली ते मोबाइलवर ओटा उघडून उभे राहतेत."

तांबोळी गल्ली – लाइट गेली. ओटा – चालू.

तिकडचं वेल्डिंग थांबलं. पंचशीलाची आई दगडाबाई भाकरी थापत होती.

"राख आपल्या नाकात आन् लाइट लोकाच्या घरात," ती म्हणाली.

एरवी पंचशीला हसली असती.

सोनार गल्ली – लाइट गेली. ओटा – चालू.

तिचा हात प्लगपाशी गेला, मागं आला. तिनं तळवा ओढणीला पुसला आणि परत प्लगवर ठेवला.

गिरणी गल्ली –

पिठाच्या गिरणीची घरघर उतरत गेली, थांबली. त्याच दमात पंचशीलानं प्लग उपसला.

ओटा – बंद.

थोड्या वेळानं एक जीप आली. दारापाशी हळू झाली नाही.

"गेली गं बाई पुढं," दगडाबाईनं श्वास सोडला.

"तुला काय ठाऊक?"

"मी काय बहिरी हाय? त्यो पोरगा बोलला ते समदं ऐकलं."

"कुठं वळली?"

"गिरणीकडं."

गिरणीला लागून जीवनचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. त्या गल्लीत कॉम्प्युटरमधलं कळणारा तेवढा एकच. ओट्यावर तोही होता, पण आपल्या कोंबड्यांचे फोटो टाकण्यापलीकडं त्यानं कधी काही केलं नव्हतं.

"जीवन जेवायला घरी गेला असंल," दगडाबाई म्हणाली.

तिला कुणी विचारलं नव्हतं.

तव्यावरची भाकर करपू लागली. दोघींपैकी कुणी ती उलटली नाही. मग पंचशीलानं प्लग परत खोचला.

"गिरणी गल्लीची लाइट यायच्या आत हे सुरू झालं, तर त्यांना कळंल ते घर तिथं नाही म्हणून," ती आईकडं न बघता म्हणाली.

"आन् मंग आपलीच गल्ली राहती."

"हो."

कॉम्प्युटर सुरू व्हायला नेहमीच वेळ घ्यायचा. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरकत राहिल्या. गिरणी आत्ता सुरू झाली तर संपलं. लांबून कुणीतरी ओरडलं. शटर आपटल्याचा आवाज आला. ओळी सरकतच होत्या. पंचशीला श्वास धरून गिरणीची शांतता ऐकत राहिली.

गिरणी गल्ली – लाइट नाही. ओटा – चालू.

पडद्यावर कुणीतरी लगेच लिहिलं: कुठं गेलतात सगळे?

दगडाबाईनं जळकी भाकर उतरवली, परातीतलं पीठ झाकलं. दाराची कडी काढली आणि उंबऱ्यात मधोमध बसली.

"आई, आत ये."

"वारं लागतंय हितं."

वारं नव्हतं. जीपचा आवाज जवळ येत होता. डोक्यावरचा पंखा मंदावत गेला, त्याची पाती एकेक करून दिसू लागली.