शिळा पासवर्ड

ज्याने आपले गुपित ओळखले त्याच्या हाती जीवही निःशंकपणे सोपवावा, असे माणसाला वाटते. या भाबडेपणाची कीव करावी, थट्टा करू नये.

सभागृहात मुंगी शिरायलाही जागा नव्हती. मनकवडे महाराज डोळे मिटून एकेकाच्या ईमेलचा पासवर्ड उच्चारत होते आणि माणसे गहिवरून पाया पडत होती.

गर्दीत बसलेल्या दोघी बहिणींपैकी धाकटीचे चित्त मात्र थाऱ्यावर नव्हते. ती छापखान्यातली मुद्रितशोधक. नजरेला चुका टिपण्याची सवय. काल महाराजांनी तिच्या थोरल्या बहिणीचा पासवर्ड अचूक सांगितला आणि वर बजावले, की सुईतले औषध हेच विष. ताईने आज सकाळचे इन्सुलिन घेतले नव्हते. तिचे ओठ सुकले होते. पाण्याची दुसरी बाटली संपत आली होती.

"ताई, घरी चल."

"गप्प बस गं. ज्यांना माझं मन कळतं, त्यांना दुखणं कळणार नाही?"

एवढ्यात धाकटीचा पुकारा झाला. महाराजांनी कपाळाला दोन बोटे लावली, तिच्या चित्तसागरात बुडी मारल्याचे जाहीर केले आणि वर येऊन म्हणाले, "निळीलोकर सत्तावीस."

टाळ्यांचा कडकडाट झाला. धाकटी क्षणभर गारठलीच; मग सावरून म्हणाली, "महाराज, हा मी गेल्या वर्षीच बदलला. आज मनात आहे तो सांगा."

चित्तसागर आज गढूळ असल्याचे महाराजांनी सांगितले. मागे कोणीतरी खुदकन हसले. धाकटी बहिणीकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाली,

"ताई, आपण ज्या दुकानातून लोकर मागवायचो, त्याची ग्राहकांची यादी चोरीला गेली होती. तिथला पासवर्डच आपण ईमेललाही ठेवला होता. दुकानाचं पत्र आल्यावर मी माझा बदलला. तू मात्र म्हणालीस, माझ्या पत्रांत कसलं घबाड! अशा याद्या चोरबाजारात फिरतात. प्रवेशाच्या चिठ्ठीवर यांनी ईमेल लिहून घेतला तो यादीत शोधायला. ज्यांचा सापडत नाही, त्यांना 'अजून योग नाही' म्हणून परत पाठवतात."

ताईने हातातल्या चिठ्ठीकडे पुष्कळ वेळ पाहिले. मग ती उठली. बाहेरच्या बाकावरून तिने डॉक्टरांना फोन केला, धाकटीने पिशवीतून आणलेले इन्सुलिन त्यांनी सांगितले तेवढे घेतले आणि फोन धाकटीपुढे धरला. "बदल तो मेला पासवर्ड."

सुजनहो, प्रत्येक खात्याला वेगळा आणि लांब पासवर्ड असावा. त्यावर फोनवर येणाऱ्या सांकेतिक अंकाचे दुसरे कुलूप असावे. चोरीची वार्ता येताच पासवर्ड तत्काळ बदलावा. आणि कोणी आपले गुपित बोलून दाखवले, तर हात जोडण्याआधी ते त्याला कुठून मिळाले, हे विचारावे.

त्या दोघी बहिणींना उदंड आयुष्य लाभो. आणि त्या दिवशी मान खाली घालून घरी परतलेल्या सर्वांना विवेकाची सोबत लाभो.